घरच्यासारखी

लातूर, १२ जानेवारी

चि. सौ. पंचशीला हीस,

ताईचा सप्रेम जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे, आणि रविकिरणची शुगर उतरली का ते कळव. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दुसरंच काहीतरी करत नुसतं "हं, हं" म्हणतेस हे मला कळतं, म्हणून कागद. (हाही तू उभ्याउभ्या वाचशील. आधी बस.)

कारण असं की, मध्यंतरी यशोदाबाई माझ्याशी गोड वागायला लागल्या होत्या. बारा वर्षं मी त्यांच्याकडे धुणंभांडी, फरशी आणि पोळ्या करते. बारा वर्षं माझा चहा स्टीलच्या पेल्यात आणि पेला धुऊन खिडकीत उपडा. दिवाळीनंतर एके दिवशी अचानक कानाचा कप आला, खाली बशी, बशीत दोन बिस्किटं. मी चहा आधी हुंगला. तुला हसू येईल, पण जिनं साबणाची वडी कधी अख्खी दिली नाही, तिनं बिस्किटं दिली तर माणसानं काय समजायचं?

मग मला आठवलं, आदल्या दिवशी मी त्यांना फॉर्म दिला होता. घरकाम करणाऱ्या बायांसाठी सरकारचं मंडळ आहे. त्यात नाव घालायचं तर ही बाई आमच्याकडे नव्वद दिवस कामाला होती अशी मालकाची सही लागते. साठी उलटली की नाव घेत नाहीत. माझं साठ येत्या एक जूनला भरतं. (आधारवर आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया एक जूनलाच जन्मल्या आहेत, शाळेतल्या मास्तरांची कृपा.) यशोदाबाईंनी फॉर्म दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "अगं सरजाबाई, तू आमच्या घरच्यासारखी हाईस. घरच्या माणसाला कुठं सर्टिफिकेट लागतंय व्हय?"

मला तो शब्द तिथंच खटकला. घरची नाही, घरच्यासारखी. त्यांच्याकडे तूप संपलं की तुपासारखं काहीतरी येतं, बरणीत मीच ओतते, त्यामुळं 'सारखं' म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे.

तरी म्हटलं, बघू वागून. त्यांची सून शिवकन्या नऊला उठते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला उगवले. रविवारी गेलेच नाही, कारण घरची माणसं रविवारी आराम करतात हे मी इतकी वर्षं बघते आहे. सोमवारी पोळ्या झाल्यावर टीव्हीसमोर सोफ्यावर बसले. नुसती बसले, पाठ टेकलीसुद्धा नाही. यशोदाबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि कॅलेंडरची पानं फडफडली.

तिथं माझे खाडे असतात. नाही आले की लाल पेनानं 'खा', उशीर झाला की 'उ', खाली बारीक अक्षरात कारण आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. 'ताप?' 'मामा वारला?' (मामा दोनदा वारला असं त्यांचं म्हणणं. आपल्याला मामाच दोन होते, त्याला मी काय करू.) त्या कॅलेंडरकडे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. पण सोफ्यावर बसल्या बसल्या डोक्यात आलं, जी बाई कामालाच नाही तिचा खाडा कोण कशाला मांडेल?

मग दीड महिना गप्प बसले. एक जानेवारीला नवं कॅलेंडर लागलं तेव्हा म्हटलं, जुनं द्या, डब्याखाली घालायला. लगेच दिलं. ते आणि दुसरा एक फॉर्म घेऊन मी सरळ साहेबांपुढे गेले. साहेब, म्हणजे यशोदाबाईंचे व्यंकटराव, कचेरीत अव्वल कारकून होते. आता रिटायर आहेत, पण कागद दिसला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. त्यांनी बाराही पानं उलटली. एकोणीस खाडे, बावीस उशीर. "अक्षर तर हिचंच हाय," म्हणाले आणि फॉर्मवर सही केली, तारखेसकट. यशोदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, "पुरावा तूच करून ठेवलीस, आता मी काय करू."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. बारा वर्षांत पहिल्यांदा माझं काम कागदावर आलं, तेही न केलेल्या दिवसांमुळं. पण साहेबांनी एवढ्या पटकन सही का केली याचा मला अजून संशय आहे. फॉर्मच्या दोन झेरॉक्स काढून एक पिठाच्या डब्यात ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा पेल्यात आला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

छोट्या अक्षराला माझा पापा. रविकिरणला गोड कमी दे.

तुझी,
सरजाताई

ता. क. सोबत एक कोरा फॉर्म आहे, तो तुझ्याकडच्या कमलम्माचा. गेल्या रविवारी तुझ्याकडे उमरीला आले होते तेव्हा तिला विचारलं. तिचंही साठ एक जूनलाच भरतंय. मालकाच्या रकान्यात तुझी सही लागेल. तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेस, आणि तुझं डी.एड. चाललं होतं तेव्हा मी लोकांची भांडी घासत होते, त्यामुळं जास्त लिहीत नाही.

आणखी ता. क. मी तिच्याशी बोलत होते तेव्हा तू आतून म्हणालीस, "ताई, कमलम्मा आमच्या घरच्यासारखीच आहे." मी ऐकलं. तिचा पेला कुठं असतो तेही पाहिलं.

शेवटचा ता. क. खिळ्यावरचं जुनं कॅलेंडर शोधत बसू नकोस. ते माझ्या पिशवीतून लातूरला आलं. तूही लाल पेनच वापरतेस.