घासलेले चेहरे

३ तारीख
आजपासून मी या लेण्याचा व्यवस्थापक. दोन हजार वर्षं वटवाघळांनी फुकट वापरलेली जागा आमच्या कंपनीने समारंभांसाठी भाड्याने घेतली आहे. हॉल ऐसपैस, गारवा आयता. मागच्या भिंतीत नऊ दगडी माणसं ओळीने बसली आहेत. चेहरे झिजून पार बटाटे झालेत. सरकारने ठेवलेला एक म्हातारा पहारेकरी आहे. भिंतीपासून दूर राहा म्हणाला. जशी काही बापजाद्यांची इस्टेट.

५ तारीख
लग्न पंधराला. फोटोसाठी चेहरे अ‍ॅसिडने घासून घ्यायचं ठरवलं, तर पहारेकरी आडवा आला. दगड एकदा गेला की गेला, आपण फक्त राखणदार, वगैरे तासभर अक्कल शिकवली. मी वर एक फोन लावला. दुपारी त्याची बदली. जाताना किल्ल्या टेबलावर ठेवून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कीव माझीच करायची.

८ तारीख
आठ चेहऱ्यांचं काम फत्ते, नववा परवा. घासायला आणलेला रंगारी फार हळुवार हात चालवत होता, म्हणून एक चेहरा मीच खसाखसा घासला. दगड ओल्या साखरेसारखा सुटला. होतं नव्हतं ते नाकही गेलं, पण लख्ख दिसतंय. इतिहासवाल्यांनी बसावं रडत.

१० तारीख
रंगारी आला नाही. त्याची बायको दारात रडत उभी. म्हणे नवऱ्याच्या भुवया गेल्या, नाक बसत चाललंय. अ‍ॅसिडपुढे तोंडाला फडकं बांधायची अक्कल नको? या लोकांना दांडी मारायला निमित्त लागतं.

११ तारीख
मोबाईल माझा चेहरा ओळखेना. आरशात पाहिलं. डावी भुवई पुसट. हात लावला तर गार. दुखत नाही – तेच वाईट.

१३ तारीख
रंगाऱ्याच्या घरी गेलो. खाटेवर बसला होता. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत – बायको बोटाने त्याचं तोंड चाचपत पाणी पाजत होती.
पहारेकऱ्याला फोन केला. वाटलं, शिव्या घालेल. तो एवढंच म्हणाला, "साहेब, झिजलेलं परत येत नाही. उरलंय तेवढं तरी सांभाळा."
आठ घासून झालेत. एक उरलाय.

१४ तारीख
लग्न रद्द करा म्हणालो. मालक हसले. मास्क लाव म्हणाले. नववाही उद्या सकाळी उरकून टाकू, नवा माणूस पाठवतोय, म्हणाले. ओठ चिकटताहेत –

१५, सकाळ
नवव्या मूर्तीला पाठ लावून उभा आहे. डोळ्यांच्या फटी उरल्यात. नवा माणूस आलाय – बादली, ब्रश. बाजूला व्हा म्हणतोय. बोलायला तोंड नाही. हे पान त्याच्यापुढे धरतो –
बादली खाली ठेव. आधी माझा मास्क काढून बघ. मीसुद्धा एक चेहरा असाच घासला हो