भगवंत हयात असल्याबद्दल

उल्हासनगर, कॅम्प ४
शनिवार, जेवणानंतर

जिवलग मित्र भगवंत यास,

माझा जय भीम आणि तुझा राम राम वाटेत अंबरनाथला एकमेकांना भेटून, चहा घेऊन पुढे जावोत. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, नाहीतर तू ठणठणीत आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे. अडचण एवढीच की ते चौदा हजार लोकांना ठाऊक नाही, आणि तो घोळ माझ्या हातून झाला. गोदूवहिनींना नमस्कार सांग. (सांगवत नसेल तर राहू दे. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, हे मलाच कळत नाही.) नऊ दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. कल्पेशला लावला तर तो म्हणाला, "काका, बाबांनी घरात तुमचं नाव घ्यायला बंदी केलीय." म्हणून पत्र लिहितो. अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं आपण शेजारशेजारच्या लेथवर काढली, एकाच्या डब्यातला बोंबील दुसऱ्याच्या भाकरीवर गेला, आणि आता एका गळक्या नळापायी तुझ्यासारखा माणूस माझ्या हातून जावा, हे काही मला पचत नाही. तेव्हा रागाने फाडायचं असलं तरी आधी वाच, मग फाड.

सुरुवातीपासून सांगतो. रिटायर झाल्यापासून ब्लॉकमधले नळ, मिक्सर, स्टोव्ह, छत्र्या सगळं माझ्याकडे येतं हे तू जाणतोस. एक दिवस आमची सूनबाई मैत्रेयी म्हणाली, "बाबा, तुम्ही हे सगळं मोबाइलवर दाखवा ना, चॅनेल काढा." तिने ऑफिसला जाता जाता सांगितलं आणि गेली, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेली. दोन दिवस नाव शोधण्यात गेले. शेवटी 'सोमाची हातोटी' ठरलं. पहिला प्रयत्न मी एकट्यानेच केला. मोबाइल डब्याला टेकवून अर्धा तास गॅसची शेगडी साफ करून दाखवली, घाम फुटला, आणि नंतर पाहिलं तर अर्धा तास फक्त आमचा छताचा पंखा. (पंख्याचं पातं वाकडं आहे हे मात्र त्यात कळलं. तेवढाच फायदा.) मग खालच्या टेकचंदकडून मोबाइल उभा करायचं स्टँड आणलं. तो जुना व्यापारी. म्हणाला, "साईं, ग्राहक को पहले माल दिखाओ. नमस्ते-वमस्ते बाद में." त्या माणसाचं मी तेव्हाच ऐकलं असतं तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

पण माझी खोड तुला माहीत आहे. मंडळाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे त्याला आता तीस वर्षं होतील. प्रास्ताविक नाही, अध्यक्ष नाही, पाहुण्यांचं स्वागत नाही आणि आभारप्रदर्शन नाही, असा कार्यक्रम मला जमतच नाही. नळ दुरुस्त करायचा असला म्हणून काय झालं? चॅनेलचा पहिलाच दिवस. त्याला अध्यक्ष नको? आणि अध्यक्ष म्हटल्यावर माझ्यासमोर तुझ्याशिवाय दुसरं कोण येणार? लेथवर मला हात धरून शिकवणारा तू. तू हो म्हणालास, आणि ऐन शनिवारी तुझा गुडघा सुजला. आता अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवायची कशी! मग मला ती अवदसा आठवली. म्हटलं, माणूस नाही तर निदान फोटो तरी खुर्चीत असावा.

कारखान्यातला आपला ग्रुप फोटो घेऊन मी स्टुडिओत गेलो. त्यातला तू वेगळा काढून मोठा करायला सांगितला. स्टुडिओवाला फार अदबीने वागला. कार्यक्रम कधी विचारलं, मी म्हटलं उद्याच. वय विचारलं, मी म्हटलं बहात्तर. "चांगलं आयुष्य मिळालं," म्हणाला. मीही म्हटलं, हो ना, कधी कुणाचं वाईट केलं नाही. त्याने हात जोडले, मीही जोडले. मला वाटलं, हल्लीची माणसं किती संस्कारी झाली आहेत. फ्रेम त्याने काळ्या कडेची दिली, ती मला रुबाबदार वाटली.

रविवारी दहाला आमच्या हॉलमध्ये चौदा माणसं जमली. प्रमुख पाहुणे हिरामण. (आमच्या मंडळाचे कायमचे प्रमुख पाहुणे. त्यांना एकच भाषण येतं, पण ते कुठल्याही विषयाला बसतं.) अकराला आमच्याकडे पाणी येतं, म्हणून त्याआधी नळ खोलून, वायसर बदलून मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब. खुर्चीवर तुझा फोटो ठेवला. शेजारी स्टुलावर महापुरुषांच्या तसबिरी, फुलं, मेणबत्त्या, अगरबत्त्या. आता आमच्या वस्तीची रीत तुला सांगायला नको. कार्यक्रम कुठलाही असो, माणूस आला की आधी तसबिरींना फूल वाहतो, मेणबत्ती लावतो, हात जोडतो आणि मग बसतो. लहानपणापासूनचं वळण, डोळे मिटूनसुद्धा चुकायचं नाही. पहिले हिरामण उठले. त्यांनी तसबिरींना फुलं वाहिली, आणि हात तसाच पुढे सरकवून तुलाही वाहिलं. त्यांनी वाहिल्यावर मागचे थोडेच थांबणार? रांगेत चौदाच्या चौदा. कुणीतरी उरलेला हार तुझ्या फ्रेमला घातला. मी थांबवायला हवं होतं हे कबूल. पण भगवंता, खरं सांगू, हारात तू फार शोभत होतास.

मग अध्यक्षांचा परिचय करून द्यायला मी उभा राहिलो आणि नेमका अगरबत्तीचा धूर घशात गेला. त्यामुळे "आमचे भगवंत..." एवढं म्हणून मी थांबलो, डोळ्यांत पाणी. पुन्हा "आमचे भगवंत..." पुन्हा ठसका. हिरामणांनी त्या धुरानेच रुमाल डोळ्यांना लावला. पुढे त्यांचं ते एकच भाषण झालं ("माणूस येतो, माणूस जातो, कार्य मागे उरतं"), आणि ते पावणेबारापर्यंत चाललं. पाणी आलंय हे माझ्या ध्यानीमनीही नाही! मी मोठ्या ऐटीत नळाची मूठ खोलली आणि बाहेर काय आलं म्हणून विचारतोस? अग्निशमनाच्या बंबाने आग विझवावी तसा फवारा. आमची सौभाग्यवती कुमुदिनी किंचाळली. हिरामणांनी प्रसंगावधान राखून तुझा फोटो उचलला, छातीशी धरला आणि भिजत भिजत दाराकडे पळाले.

पावणेदोन तासांच्या या सोहळ्यातून मैत्रेयीने चाळीस सेकंदांचा तुकडा काढला आणि सोमवारी टाकला. तिला फवाऱ्याची गंमत दाखवायची होती. पण तुकड्यात आधी काय दिसतं? काळी फ्रेम, हार, मेणबत्त्या, माझा दाटलेला गळा, हिरामणांचा रुमाल. फवारा शेवटी. शेवटपर्यंत बघतो कोण! आपल्या कारखान्यातल्या कुणीतरी खाली लिहिलं, भगवंत गेला? भावपूर्ण श्रद्धांजली. झालं. एकाने लिहिलं की मागच्यांनी लिहायचंच. बघणारे रात्रीपर्यंत दोनशे, दुसऱ्या दिवशी दोन हजार, आज चौदा हजार.

आता जे सांगतो ते कुमुदिनीलाही सांगितलेलं नाही. मला मंगळवारीच कळलं होतं. एका ओळीत खुलासा करता आला असता. पण आकडा वर चढत होता, भगवंता. शेगडी दाखवायला जाऊन अर्धा तास पंखाच टिपलेला मी, आणि हजारो माणसं माझा हॉल बघत होती. म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, परवा सांगू. तीन दिवस मी तुला मेलेला ठेवला, आणि त्याची लाज मला आहे. गुरुवारी आपल्या खात्यातली सहा माणसं पांढरे कपडे घालून, हार घेऊन बदलापूर गावात तुझ्या दारी आली आणि दार तूच उघडलंस. मग तुझा तो फोन: "सोम्या, माझे मयताला मानसा आयलीत. त्यांना चाय मी देऊ का तू येऊन देतंस?" मला हसू आलं. तेच चुकलं. तू विचारलंस, तुला ठाऊक होतं का? मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. आणि फोन बंद झाला, तो आजतागायत बंद आहे.

त्यानंतर मी मैत्रेयीकडून व्हिडिओखाली ठळक अक्षरांत लिहवून घेतलं की भगवंत हयात आहेत. त्यावर लोकांनी काय उत्तरं द्यावीत? "हो काका, ते आपल्या मनात सदैव हयात राहतील." एकाने तर लिहिलं, "तुमचं दुःख समजतं, स्वतःला सांभाळा." शपथेवर सांगितलं तरी हात जोडण्याचं चिन्ह येतं. आता तू स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बोलल्याशिवाय हे प्रेत काही उठत नाही. (आणि नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे, हेही ध्यानात घे. कुणी हा व्हिडिओ पुढे केला तर?)

एक मात्र सांगतो, आणि हे मनापासून. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेल्या त्या साडेतीनशे ओळी मी सगळ्या वाचल्या. बऱ्याचशा नुसत्या रीतीच्या. "अत्यंत शांत स्वभावाचे" असं लिहिणाऱ्याने तुला कधी पाहिलेलं नाही, हे उघड आहे. पण कॅन्टीनमधल्या मायाने लिहिलंय की तिच्या बाळंतपणात तू रोज घरचं दूध पाठवायचास. हे तू मला एकतीस वर्षांत एकदाही बोलला नाहीस! आणि दिपेश म्हणून कुणी आहे, त्याने लिहिलंय: "पहिल्याच दिवशी यांनी मला मशीनवरून मागे ओढलं आणि थोबाडीत मारली. आज माझी दहाही बोटं शाबूत आहेत." तो मुलगा आता दोन मुलींच्या वेण्या घालतो म्हणे. असं आपल्याबद्दल जिवंतपणी कुणाच्या कानावर पडतं रे? मी सगळं वहीत उतरवून काढलंय. तू ये, मी मोठ्याने वाचून दाखवतो. तुझ्या ऐकू येणाऱ्या डाव्या कानाच्या बाजूला बसून वाचतो.

तेव्हा उद्याच्या रविवारी ये. तू बोल, मला चारचौघांत हव्या तेवढ्या शिव्या दे, मैत्रेयी सगळं टिपेल आणि एक अक्षर कापणार नाही. गुडघ्याला शेक देत जा. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझाच,
सोमा

ता. क. खरं म्हणजे एक अडचण आहे, मोकळेपणाने सांगतो. आपले सभासद नऊशे बासष्ट झाले आहेत. हजार झाले की चॅनेल पायावर उभं राहतं म्हणतात. तेव्हा उद्याच्याऐवजी पुढच्या रविवारी आलास तर? आणि तोवर बाजारात वगैरे फारसा दिसू नकोस. आठ दिवसांचाच प्रश्न आहे. मासळी कल्पेश आणेल.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. कुमुदिनीने वाचला. त्यासोबत तो तीन दिवसांचा कबुलीजबाबही वाचला. त्यावर जे झालं ते लिहीत नाही. तिचं म्हणणं, वरचा ता. क. वाचला नाही असं समजावं, आणि भगवंतभाऊजींना खरं काय ते कळवावं. तर खरं असं की परवा मी बदलापूरला आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. तू अंगणात एका कोंबडीला शिव्या देत होतास. पाच मिनिटं बघितलं, फार बरं वाटलं, आणि धीर न झाल्याने परत फिरलो. आणखी एक: तो व्हिडिओ मी आत्ताच काढून टाकला. मैत्रेयी नको म्हणत असतानाच दाबलं. त्याच्याबरोबर नऊशे बासष्ट जातील की राहतील, हे मी तिला विचारलेलं नाही.

ता. क. तिसरा, रविवार, सकाळचे नऊ. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. हे चार शब्द तुझ्याच ओट्यावर बसून लिहितोय. आता दाराखालून आत सरकवतो. शेजारच्या म्हातारीने मला ओळखलं. "त्या मेलेल्याचा मैतर तूच ना रं?" म्हणाली, आणि हसत हसत तिने तांब्याभर पाणी आणून ठेवलं. आता गल्लीतली पाच-सहा माणसं उभी आहेत, तू उघडतोस की नाही ते बघायला. आतून तुझ्या खोकण्याचा आवाज येतोय. दार उघड, भगवंता. शिव्या सावकाश दे, मी संध्याकाळपर्यंत बसायच्या तयारीने आलोय. फक्त आधी एकदा दारात उभा राहा, मला तुला नीट बघू दे.