चारशे कुलुपं आणि अपयशाचा फळा

२ सप्टेंबर, सकाळी ९.४०
आमच्या कुलुपांच्या कारखान्यात आज कॅन्टीनशेजारी एक भलामोठा पांढरा फळा लागला. वर निळ्या अक्षरांत: 'अपयशाचा फळा'. ज्याची चूक त्याने स्वतः चिठ्ठीवर लिहायची, खाली सही करायची आणि तिथे लावायची. नवे साहेब म्हणाले, चुकणाऱ्याला इथे कोणी बोलणार नाही, उलट टाळ्या मिळतील. जो चुकत नाही तो नवं काही करतच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आवाज होणार नाही अशा.
संशय: तीस तारखेला तपासणीप्रमुख निवृत्त होताहेत. जागा एक. आणि नेमका याच महिन्यात चुकांचा सहीनिशी पुरावा गोळा करायचा? शेंबडं पोरही ओळखेल.
निश्चय: फळ्याकडे पाठ. सव्वीस वर्षं तपासणीत आहे, चूक शून्य. जागा माझीच. प्रमुखांचं खिडकीजवळचं टेबल कोणत्या बाजूला फिरवायचं, एवढंच ठरायचंय.

३ सप्टेंबर
पहिली चिठ्ठी डिझाइनमधल्या पेन्सिलची. (अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून हे नाव. माझ्यापुरतं.) लिहिलंय, 'न गंजणारं कुलूप करायला गेले. गंजलं नाही, पण उघडलंही नाही.' साहेब खो खो हसले, तिला स्वतःच्या हाताने कॉफी आणून दिली. बिचारी! बळीच्या बकऱ्याला आधी हारच घालतात. तीही प्रमुखपदासाठी इच्छुक आहे म्हणे. 'होती' असं लिहायला आता हरकत नाही.

५ सप्टेंबर
पॅकिंगच्या मावशींची चिठ्ठी: 'खोक्यांवर बाण उलटा छापला. तीन आठवडे.' प्रचंड टाळ्या. जनता मूढ आहे.
घरी विषय काढला. बायको म्हणाली, "अहो, मग तुम्हीही लावा की एखादी. सुचत नसेल तर मी लिहून देते, घरातल्याच वहीभर निघतील." विषय बदलला.

९ सप्टेंबर
साहेबांनी गाठून विचारलं, तुमची चिठ्ठी कशी दिसत नाही? नम्रपणे म्हणालो, चुकायला वेळच मिळत नाही. "सव्वीस वर्षांत?" असं विचारून त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. कौतुकच असणार. तरी शाई लाल का होती, हे बघितलं पाहिजे.
माझी पद्धत निर्दोष आहे. कुलूप घ्यावं, त्याची किल्ली घालावी, उघडलं की हिरवी खूण. कुलूप आणि त्याची किल्ली, मध्ये तिसरं कोणी नाही. शुद्ध अद्वैत.

१२ सप्टेंबर
पाणीपुरवठ्याच्या मीटरपेट्यांसाठी चारशे कुलुपं. सगळी पास! लाल खूण एकही नाही. जेवणानंतर अर्धा तास चिंतनासाठी स्टोअररूममध्ये गेलो (पोती मऊ आहेत). तेवढा वेळ टेबलावर पेन्सिल बसली. मोजमापं घ्यायला आली होती, म्हणाली, या जाऊन, मी बघते. परोपकार नेहमीच संशयास्पद.

१५ सप्टेंबर, दुपारी ४.२०
घात.
मावशी टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, भाऊ, नमुन्याची तीन कुलुपं ठेवून घेतली होती, तिन्हींना एकच किल्ली लागतेय. किल्ल्या कापायच्या मशीनची चकती अडकली होती, आणि कुलुपं किल्लीवरूनच जुळवतात. म्हणजे चारशे कुलुपं, चारशे किल्ल्या, आणि सगळ्या एकसारख्या! मी म्हणालो, प्रत्येक कुलूप आपापल्या किल्लीने उघडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या किल्लीने उघडणारच ते. परक्या किल्लीने उघडत नाही ना, ते कोणी बघायचं?" मी म्हणालो, तुम्ही पॅकिंगचं बघा.
माल सकाळीच गेलाय. जाताना मावशी म्हणाल्या, चिठ्ठी लावा न् सुटा, भाऊ. सुटा! एवढी सोपी सुटका असती तर ऋषिमुनी अरण्यात कशाला गेले असते?

१६ सप्टेंबर
विचार केला. चिठ्ठी लावली तर टाळ्या, कॉफी, आणि तीस तारखेला जागा गेली. गप्प बसलो तर तक्रार येणार, कागदावर हिरव्या खुणा माझ्या.
मध्यममार्ग सापडला. साहेबांना लेखी निवेदन, विषय 'चारशे कुलुपांना एकच किल्ली': 'बारा तारखेस मी काही काळ टेबलावर नव्हतो. त्या वेळी टेबल डिझाइन विभागाकडे होते. माझ्या हातून गेलेल्या मालात दोष असणे संभवत नाही.' तीन वाक्यं. पहिली दोन निखळ सत्य, तिसरी श्रद्धा. भाषेचा व्यासंग असा कामी येतो.

१७ सप्टेंबर
पेन्सिलला आत बोलावलं. काचेतून बघत होतो. रडली नाही, हे खटकलं. बाहेर येऊन म्हणाली, "सॉरी हो सर, मी तपासली त्यांच्यात तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. उगीच तुमच्या नावाला बट्टा लागला असता." आणि सरळ चिठ्ठी लावली: 'चारशे कुलुपं, एकच किल्ली. टेबलावर मी होते.'
माझं बिस्कीट चहात पडलं. बहुधा जास्त बुडवलं.
मावशींनी माझ्याकडे बघत चिकटपट्टी कर्रकन ओढली. त्या बोलतात तेव्हा बऱ्या वाटतात.

२० सप्टेंबर
पेन्सिल स्वतः गिऱ्हाइकाकडे माफी मागायला आणि कुलुपं बदलून द्यायला गेली. शिव्या खाऊन येईल. मी खिडकीजवळच्या टेबलाची उंची मोजून घेतली.

२२ सप्टेंबर
शिव्या मिळाल्या नाहीत. तिथला मीटर बघणारा माणूस म्हणे आजवर किल्ल्यांचं पोतं खांद्यावर घेऊन हिंडायचा. आता एक किल्ली खिशात. कुलुपं परत द्यायलाच तयार नाही! म्हणाला, हात लावून तर बघा. पेन्सिलने तिथेच कागद काढून नकाशा आखला: प्रत्येक विभागाला वेगळी किल्ली, विभागात सगळीकडे तीच. आणखी चार हजारांची मागणी आली. साहेब टेबलावर चढून म्हणाले, बघा, चूक लपवली असती तर हे कळलं असतं का?
मीटरवाला तिचा नातेवाईक निघतो का, पाहायला हवं.

२३ सप्टेंबर
बायकोसमोर बोलता बोलता सगळंच सांगून बसलो. ती हातातलं काम टाकून म्हणाली, "म्हणजे चूक तुमची, आणि ती तुम्ही त्या पोरीच्या नावावर केलीत?" म्हणालो, तात्पुरती. म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन खरं सांगा. जागेसाठी नव्हे, तिच्यासाठी."
जाणार आहे. जागेसाठी.

२४ सप्टेंबर, सकाळी १०.०५
साहेबांना ठणकावून सांगितलं, ते अपयश माझं आहे. पेन्सिलने फार तर तीस कुलुपं पाहिली असतील, उरलेली सगळी मीच पास केली. साहेबांनी ड्रॉवरमधून माझं निवेदन काढलं आणि तिसरं वाक्य मोठ्याने वाचलं. म्हणाले, "दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला मोठं मन लागतं. पण तुमच्या हातून दोष संभवत नाही, हे तुम्हीच लिहिलंय." हसत होते की काय, मिशीमुळे कळलं नाही. मी म्हणालो, मावशींना विचारा! मावशी आल्या. म्हणाल्या, मला काय कळतंय साहेब, मी आपली पॅकिंगचं बघते.

३० सप्टेंबर
तपासणीप्रमुख: पेन्सिल. टेबल तिने फिरवलं नाही, आहे तसंच ठेवलं. दूरदृष्टीचा अभाव.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०
नव्या प्रमुखांनी नवी तपासणी सुरू केली आहे. प्रत्येक कुलपाला दहा परक्या किल्ल्या लावून बघायच्या. अनुभवी, धीराच्या माणसाचं काम आहे, म्हणाल्या, म्हणून मला दिलं. सकाळपासून चोवीस कुलुपं, दोनशे चाळीस किल्ल्या. एकही उघडलं नाही. बोटाला फोड.
निघताना त्यांनी विचारलं, काय सर, आज जमलं का काही?
म्हणालो, काहीच नाही.
म्हणाल्या, "वा, छान!"