नववी ‘ब’ची ब्रश कंपनी

शनिवार, ६ जानेवारी

सगळेच संचालक! वर्गात विचारलं, आपण एक कंपनी काढू, कोण काय होणार? एकूण एक हात संचालकपदासाठी वर. “आणि ब्रश कोण बनवणार?” सगळे हात खाली. मागच्या बाकावरून जांभई देत आवाज आला – “त्याला माणसं ठेवू ना, बाई.” बारभाईचा कारभार म्हणजे काय, ते शिकवायची गरजच उरली नाही.

हे लचांड लवंगीने माझ्या गळ्यात अडकवलं. लवंगी म्हणजे इथली मुख्याध्यापिका. शाळेत माझ्याच बाकावर बसायची. तेव्हाही अंगाने एवढीशी आणि आवाज फटाक्यासारखा. म्हणाली, “व्यवस्थापन आणि नेतृत्व असा नवा विषय आहे. इतकी वर्षं ब्रशचा कारखाना चालवतेस, तुझ्याइतकं कोणाला कळतं?” तिने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मी चढले. आता दर शनिवारी अख्खी सकाळ शाळेत. शिवाय फोन ऑफिसात जमा करायचा! “नियम म्हणजे नियम.” पोरांचं ठीक आहे, पण माझा?

मंगळवार, ९ जानेवारी

सूनबाईने फरशीच्या ब्रशांना पिवळे दांडे सांगितले होते. मी फोन करून तपकिरी करून घेतले. तपकिरीवर मळ दिसत नाही, एवढी साधी गोष्ट. तिने व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलंय, मळाचं नाही.

ती भांडलीसुद्धा नाही. “बरं, आई.” हे तिचं “बरं” मला फार झोंबतं.

बुधवार, १० जानेवारी

जेवताना चिरंजीवांनी बातमी फोडली. सूनबाईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत नोकरी मिळतेय. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. चिरंजीव दातांचे डॉक्टर. दात काय, सगळीकडेच किडतात, तेही तिकडे दवाखाना थाटतील. म्हणजे चिमणीपण जाणार. माझी नात!

मी म्हणाले, “जायचं तर जा. माझं काय अडतंय?” आणि अर्ध्या ताटावरून उठले.

अडतंय! सगळंच अडतंय. पण आपल्या तोंडाने “थांबा” म्हणायचं? मी नाही म्हणणार.

शनिवार, १३ जानेवारी

नववी ‘ब’ने संचालक निवडली. प्रत्येक वाक्याला “पण बाई” म्हणणारी एक मुलगी आहे, तीच; मी तिचं नाव वकिलीणबाई ठेवलंय. जांभईवाल्या डुलकीरामाकडे मापं घ्यायचं काम आलं. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुवायचे ब्रश बनवायचे ठरलं – दोन तारांत केस धरायचे, तार पिळायची, मग केस कापून गोल करायचे. कारखान्यातलं हाताने फिरवायचं जुनं यंत्र आणून दिलं.

माझ्या बाबांचा कारखान्यातला नियमही सांगितला. नव्या माणसाला काम शिकवून झालं की शिकवणाऱ्याने हात पाठीमागे धरायचे. त्याचं चुकलं तरी हात पुढे आणायचे नाहीत, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आमच्याकडे नवे कारागीर अजून असेच शिकतात. वकिलीणबाई लगेच – “पण बाई, मग तुम्हालाही तोच नियम!” कबूल केलं. तास संपेपर्यंत तीनदा पकडली गेले.

मग तिचाच प्रश्न – “तुम्ही नसताना तुमच्याकडे कोण ठरवतं?”

“मी फोनवर असते.”

“आणि तुम्ही गेल्यावर?”

“कुठे?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग डुलकीराम – “वर, बाई.” मी हसले म्हणून सगळे हसले.

दुपारी कारखान्यात पोचले तर माल वेळेवर रवाना झालेला, कुठे गडबड नाही. शुक्रवारी मी सगळं बजावून ठेवते ना, त्याचा परिणाम.

शनिवार, २० जानेवारी

डुलकीरामाने नळ्यांचं माप बाहेरून घेतलंय. बाहेरून! ब्रश जाणार आत. माझ्या डोळ्यांदेखत घेतलं, मांडलं आणि सगळे त्या मापाने केस कापायला बसले. माझे हात पाठीमागे. जीभ दाताखाली. कोणीही विचारलं नाही – “बाई, बरोबर आहे ना?” एकदा विचारा की रे! वकिलीणबाईने तर माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर चिमणी म्हणाली, “आजी, तुझं पोट दुखतंय का?”

शनिवार, २७ जानेवारी

व्हायचं तेच झालं. पहिलाच ब्रश नळीत शिरेना. कोणीतरी दाबून घातला, मग तो बाहेर येईना. ओढाताणीत नळी फुटली. कोणाला लागलं नाही, पण प्रयोगशाळेच्या काकांनी असा काही पाढा वाचला की बाहेर मैदानातली पोरं खिडकीशी गोळा झाली.

वर्गात परतल्यावर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. मला वाटलं, बुडाली कंपनी. तेवढ्यात वकिलीणबाई उठली. “माप त्याने चुकवलं. पण तपासलं नाही ते मी. चूक माझी.” त्या वाक्यात एकही “पण बाई” नव्हतं! डुलकीराम पहिल्यांदा टक्क जागा दिसला. बसल्या जागी म्हणाला, “हे जाडे ब्रश पाण्याच्या बाटल्यांना चालतील. माझी केवढी घाण वास मारते.” सगळ्यांनी आपापल्या बाटल्या हुंगल्या. वर्गभर “शी!”

मी काहीही केलेलं नाही. एक शब्दही नाही. इतका चांगला तास मी आजवर घेतला नव्हता.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

कारखान्यातही हात पाठीमागे धरून बघू म्हटलं. सूनबाई तार पिळायची यंत्रं उजेडाकडे हलवून घेत होती. मी उभी राहिले. चहा येईपर्यंत टिकले! मग राहवेना – “ते तिसरं तिथे नको, इकडे घ्या.” माणसं थांबली. तिच्याकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागली.

ती मला बाजूला घेऊन गेली. आवाज चढवला नाही. “नववीतल्या मुलांना तुम्ही चुकू देता, आई. जेवताना किती कौतुकाने सांगता. मलाही एकदा चुकू द्या ना. कारखाना नाही बुडणार.”

“बघू” म्हणून केबिनमध्ये जाऊन बसले. रात्री चिरंजीवांना सांगितलं तर म्हणतात, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.” स्वतः कधी दोनदा दात घासत नाहीत आणि मला सांगतायत!

पण ती जाणार. आज पहिल्यांदा खरंच वाटलं, जाणार. चिमणीची उशी माझ्या खोलीतच असते. ती तेवढी हलवू नका म्हणावं.

शनिवार, १० फेब्रुवारी

शाळेच्या प्रदर्शनात नववी ‘ब’चे बाटलीचे ब्रश सगळे खपले. प्रयोगशाळेच्या काकांनीही एक नेला, तोंड वाकडं करून. टेबलामागे मला जागाच नव्हती. डुलकीराम म्हणाला, “बाई, तुम्ही खुर्चीत बसा, आम्ही बघतो.” बसले. तासभर मला कोणी काही विचारायला आलं नाही. अभिमान वाटला आणि वाईटही, दोन्ही एकदमच.

लवंगी शेजारी येऊन बसली. “चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे,” म्हणाली. पोरांचं बोलत असताना मध्येच हे कुठून काढलं? “माझे अजून दोन उरलेत,” मी म्हटलं. ती दुसरीकडे बघून हसली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

लवंगीच्या पोटात काही राहत नाही. आज फोनवर बोलून गेली. मला शाळेत बोलवायची कल्पना तिची नव्हतीच. डिसेंबरमध्ये सूनबाई तिच्याकडे गेली होती – “मावशी, आठवड्यातून एक सकाळ आईंना कुठेतरी गुंतवा. मला एकटीला कारखाना जमतो का बघायचंय. जमला तर त्या नोकरीला ‘नाही’ कळवीन.” फोन जमा करायचा नियमही तिनेच सुचवलेला!

आधी डोकं तापलं. मग हसत सुटले. मग थोडं रडूनही घेतलं.

लवंगीला परत फोन केला. म्हटलं, दहावीलाही शिकवते, बुधवार दे. मग सूनबाईच्या टेबलाशी गेले. एवढंच सांगितलं, “यापुढे बुधवारीही मी नसेन. तुझं तू ठरव.”

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

“आणि सोमवारी, आई?”