पाठीवरचं नाव

बोरी बुद्रुक, रविवार संध्याकाळ, जानेवारी २००४

मांड्या इतक्या भरून आल्यात की पेन धरायचाही कंटाळा आलाय. पण लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

कॅन्सर संशोधनाच्या मदतीसाठी सायकल फेरी होती. सकाळी मंचरहून निघालो. कॅन्सर झालेल्या ज्या माणसासाठी सायकल चालवायची त्याचं नाव पांढऱ्या कापडावर लिहून पाठीवर लावायचं होतं. मी आईचं लिहिलं. तिला कुठं वाचता येतं? साधी गाठ आहे, असंच आम्ही तिला सांगितलंय. दादाने तर मला शपथ घातलीय.

फेरी आमच्याच गावात थांबणार, हे माहीत होतं. पण शाळेपुढे माईकवरून सगळ्यांच्या पाठीवरची नावं वाचतील, हे डोक्यातच आलं नाही. आई बायकांबरोबर आमच्या पायांवर पाणी घालत होती. तिने स्वतःचं नाव ऐकलं. तांब्या हलला नाही. माझे पाय झाले, आणि ती पुढच्या मुलीकडे गेली.

दादा तेव्हापासून बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं. ते कापड लावलंच कशाला मी? एवढी कशी बावळट?

घरी आल्यावर पिना काढायचंही त्राण नव्हतं. आईनेच एकेक काढली, कापडाची नीट घडी घातली आणि माझ्या गुडघ्याला तेल चोळायला बसली. चोळता चोळता म्हणाली, "बाकीच्यांच्या पाठीवरची मान्सं हायेत का गेली?"

"आहेत."

"समदी?"

मी दुसरा गुडघा तिच्यापुढे केला.