उजव्या पायाचा मोजा

४ डिसेंबर
आले एकदाची नागपूरला! मनीषनगरात, प्रीतीच्या घरी. शाळेत नोकरी लागल्याचं कळवलं, तर कॉलेजातल्या या मैत्रिणीनं मला खोली शोधूच दिली नाही. आमची खोली रिकामी पडून राहिली अन् तू बाहेर काहून राहतं वं, म्हणाली. तिची आई, इंदुताई, दोन वर्षांपासून खुर्चीत आहेत. पावलांत जीवच नाही. पण स्वभाव काय गोड! पाटोडीचा रस्सा दोनदा वाढून घेतला.

७ डिसेंबर
प्रीतीनं राणी रंगाची लोकर आणली. आईसाठी नक्षीचे मोजे हवेत, तेही माझ्याच हातचे. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर! पेपरवर काढलेलं उजव्या पावलाचं माप दिलं. बोटांकडून सुरू कर, एवढंच तिचं म्हणणं. विणताना आईची आठवण आली. कळमेश्वरला अंगणात बसून तिनंच मला सुया धरायला शिकवलं.

१२ डिसेंबर
बोटांचा भाग झाला आणि इंदुताईंच्या उजव्या पायाची बोटं हलली! प्रीती रडली, मीही रडले. तुझ्या हाताले गुण आहे, म्हणाली. संध्याकाळी आईचा फोन. तिच्या पायाची बोटं बधिर होऊन राहिलीत. थंडीनं असेल, तेल लाव म्हटलं.

१७ डिसेंबर
टाच वळवून झाली. अवघड काम, पण सुरेख जमलं. इंदुताई आता उजवा पाय जमिनीवर टेकवतात. आईला मात्र चप्पल पायातून निसटल्याचंही कळत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. मन लागत नाही. प्रीती म्हणते, हातातलं काम सोडू नको.

२० डिसेंबर
आईनं आज विचारलं, माझे मोजे झाले काय? कोणते मोजे? तर म्हणे, तुझी मैत्रीण दिवाळीनंतर आली होती ना माप न्यायले, पेपरवर पाय ठेवून.
माप काढून पाहिलं. करंगळीची जागाच नाही. आईची करंगळी शेजारच्या बोटाखाली दबलेली आहे. इंदुताईंची सरळ.
म्हणजे मी, माझ्याच हातानं —

२१ डिसेंबर
प्रीतीनं नाकारलंही नाही. तुझी आई जन्मभर चालली, आता माझ्या आईले चालू दे, म्हणाली. माझ्या डब्यातलं आईच्या हातचं खाल्लेली पोरगी! केसानं गळा कापला.
उसवते म्हटलं तर पायाच पडली. उसवू नको वं, तुझ्या आईचा पाय आता या मोज्यातच आहे.
हिच्यावर विश्वास ठेवू? अजून?

२२ डिसेंबर
दार लावून घेतलंय. प्रीती बाहेरून ठोकते आहे. आईची शपथ घेते. कुणाच्या आईची?
आईला फोन लावून ठेवलाय. पायाकडे बघत राहा म्हटलं.
सुई काढली. पहिली ओळ उसवली —
बाहेर इंदुताई गप्पच.
आई ओरडली.
थांबले. मोजा खाली ठेवला. मी ओढत नाही — लोकर सुटतेच आहे — टाक्यामागून टाका —
आई विचारते टाच — माझी टाच कुठं —
प्रीती खरंच सांगत हो