मीठमातीतले शेजारी

नुकुस, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस,

आयसानेमचा वाकून सलाम, वि. वि. फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई तिच्या मनाने सांगते, म्हणून हे पत्र.

होय, ताश्कंदची बँकेतली नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, भांडणही झालं नाही. लोकांच्या खात्यांचे प्रोग्राम लिहून कंटाळले होते, एवढंच. इथल्या माती-संस्थेत लागले आहे. आईला सांगा, काम अजून संगणकाचंच आहे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. प्रयोगशाळेतून त्यांचा डीएनए अक्षरांच्या लांबलचक माळा होऊन माझ्याकडे येतो. कुठली माळ कुणाची आणि कोण कुणाला धरून राहतो, हे माझा प्रोग्राम शोधतो. लग्नात कोण कुणाच्या दस्तरखानावर जेवायला बसलंय, एवढं पाहून आई सगळी नाती सांगते ना, तसंच.

आता काम तुमच्याकडे. आटलेल्या समुद्राच्या तळावर तुमची टोळी सक्साउलची झुडपं लावते. जिथे ती जगली तिथली मुळांजवळची माती हवी, आणि जिथे मेली तिथलीही. टॅक्सीवाल्याबरोबर झाकणाच्या डब्या पाठवल्या आहेत. भरताना हात धुतलेले असावेत. हसू नका.

आईचा राग उतरला की कळवा. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपली,
आयसानेम

---

मोयनाक, ३ नोव्हेंबर

चि. आयसानेम हीस,

बाबांचे भरघोस आशीर्वाद. डब्या भरून पाठवल्या आहेत. माती काढण्याआधी हात धुवायचे, हे ऐकून टोळीतली माणसं दिवसभर एकमेकांना साबण देत होती.

तुझ्या आईचा राग उतरलेला नाही. तिचं म्हणणं, बँकेत पोरीला फिरती खुर्ची होती, दारावर नाव होतं, आणि आता ती घरून चिखल मागवते. शेजारीण विचारायला आली की मुलगी सध्या काय करते, तर आई म्हणाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची सोयरीक जुळवते. शेजारणीला ते खरंच वाटलं आणि तिने आपल्या भाच्याचं स्थळ पुढे केलं. मी मध्ये पडलो नाही.

एक गोष्ट आईला न सांगता लिहितो. जुन्या बंदरापलीकडचा पट्टा तुला माहीत आहे. तिथे दोन हिवाळे लावली, दोन्ही उन्हाळ्यांत सगळी रोपं वाळली. पलीकडच्या टोळीची मात्र जगली. माणसं तोंडावर बोलत नाहीत, पण परवा चहाच्या वेळी एकजण म्हणाला की पेर्देबायचा, म्हणजे माझा, हातच कोरडा आहे. मला ऐकू येत नाही असं त्याला वाटलं. नको तेवढं मला बरोबर ऐकू येतं. या हिवाळ्यातही जगली नाहीत तर टोळी दुसऱ्याकडे जाणार. मेलेल्यांची माती त्याच पट्ट्यातली आहे. तुझ्या प्रोग्रामला सांग, जपून वाच.

जेवत जा. संगणकासमोर बसून सुकी मासळी चघळणं म्हणजे जेवण नव्हे.

तुझा,
बाबा

---

नुकुस, १९ जानेवारी

ती. बाबांस,

सलाम, वि. वि. तुमचा हात कोरडा नाही. हे आधी लिहिते, बाकी मग.

जगलेल्या झुडपांच्या मुळांशी जिवाणूंचं एक गावच सापडलं. कुणी मुळांना हवेतलं नत्र मिळवून देतो, कुणी मिठाचा जाच कमी करतो, आणि कुणाचं काम काय ते अजून मलाच कळलेलं नाही. पण ते सगळे एकत्रच सापडतात, एक नसला की दुसरेही दिसत नाहीत. तुमच्या पट्ट्यातल्या डब्यांत हे गाव नाहीच. मिठात रमणारे दोनचार एकलकोंडे, बाकी ओसाड. मला आधी प्रोग्रामच चुकला असं वाटलं. मोडून पुन्हा लिहिला, तरी तेच.

म्हणून मनात आलं, रोप लावताना खड्ड्यात जुन्या झुडपाखालची ओंजळभर माती घातली तर? शेजार सोबत गेला तर रोप टिकेल का?

हे आमच्या प्रमुखांना, सापारनियाझ आगांना, सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं की बाई, तुम्ही आयुष्यात एक तरी झाड लावलंय का. मी म्हटलं, नाही, पण माझ्या वडिलांनी लावलीत. ते म्हणाले, पडद्यावरचे ठिपके जोडणं वेगळं आणि वारा वेगळा. शेवटी थोड्या ओळींची परवानगी दिली. त्याही मेल्या तर मी संस्थेच्या पगारपत्रकांचा प्रोग्राम सांभाळायचा, असं ठरलं आहे.

बाबा, मला भीती वाटते. माझ्या नोकरीची वाटते, पण तुमचा शेवटचा हिवाळा माझ्या ठिपक्यांवर लावायची जास्त वाटते. नको वाटलं तर नाही म्हणा. राग येणार नाही.

आपली,
आयसानेम

---

मोयनाक, २४ फेब्रुवारी

चि. आयसानेम हीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी ट्रॅक्टरवर बसून वाचलं, मग घरी येऊन पुन्हा वाचलं. पहिली ओळ टोळीत मोठ्याने वाचून दाखवावी असं फार वाटलं. दाखवली नाही. पण त्या दिवसापासून कुदळ हलकी झाली आहे.

ओळी लावल्या. तुझ्या एका आड एक, मधल्या नेहमीसारख्या, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की चांगली जागा मुलीला दिली. जुन्या झुडपांखालून माती काढताना जीव कासावीस झाला, म्हणून प्रत्येकाकडून थोडी थोडीच घेतली आणि खड्डा बुजवला. माणसं चेष्टा करतात. म्हणतात, पेर्देबाय मातीला माती भरवतो. त्यातला जो सगळ्यात जास्त हसला त्यालाच मी पोत्याचं दुसरं टोक धरायला लावलं.

तुझी आई विचारत होती की रोपं जगली तर तुला खुर्ची मिळेल का. म्हणजे राग थोडा उतरला म्हणायचा.

भीती वाटू दे. मलाही वाटते. दोघांची मिळून एकच धरू, म्हणजे निम्मी पडेल.

तुझा,
बाबा

---

मोयनाक, ११ जून

चि. आयसानेम हीस,

आशीर्वाद. उशिराबद्दल रागावू नकोस. मे महिन्यात मिठाचं वादळ आलं, ते तुला कळलंच असेल. दिवसभर सूर्य दिसला नाही, भिंती पांढऱ्या झाल्या. वादळ ओसरल्यावर टोळीतले सगळे पट्टा बघायला गेले, मी गेलो नाही. गाडी बिघडलीय म्हणून सांगितलं. गाडी उत्तम होती.

दोन दिवसांनी पोत्याचं टोक धरणारा तोच माणूस दारात आला. हातानेच चल म्हणाला. गेलो. मधल्या ओळी गेल्या, नेहमीसारख्याच. तुझ्या ओळी उभ्या आहेत, आयसानेम. सगळी रोपं नाहीत, पण बरीचशी. वाकून हात लावला तर शेंडे ओलसर हिरवे. मी खाली बसलो. त्याला वाटलं गुडघा दुखतोय.

पण खोटं लिहिणार नाही. तुझ्या ओळींतली एक, पश्चिमेच्या कडेची, मुळापासून मेली. माती तीच, हात तेच, दिवसही तोच. कारण मला सापडत नाही.

टोळी माझ्याकडेच राहिली. आईने त्या दिवशी मासे तळले आणि शेजारणीलाही दिले.

तुझा,
बाबा

---

नुकुस, २८ जून

ती. बाबांस व सौ. आईस,

सलाम, वि. वि. पत्र वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन सापारनियाझ आगांकडे गेले. त्यांनी शाबासकी दिलीच नाही. मी कागदावर काढून नेलेल्या जगलेल्या ओळींवरून नजर फिरवली आणि मेलेलीवर बोट ठेवलं. ही का मेली, म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही. शिकारी ससाणा बघतो तसं माझ्याकडे बघत म्हणाले की मग पगारपत्रकांना तुमच्याकडे वेळ कुठे आहे? संध्याकाळी शिपाई किल्ली देऊन गेला. वेगळी खोली, दोन विद्यार्थी, आणि येत्या हिवाळ्यात अख्खा पट्टा.

आई, खुर्ची फिरत नाही, पण आहे.

ती ओळ का मेली, याचा विचार करत मी रोज चालत घरी येते. उत्तर नाही, आणि तरी इतकं बरं मला बँकेत एकदाही वाटलं नव्हतं. सप्टेंबरात येते. आई, जेवायला तुझ्या हातचं गुर्तिक करून ठेव.

तुमची,
आयसानेम

---

मोयनाक, ७ जुलै

माझ्या आयसानेमला,

आईचा गालगुच्चा आणि आशीर्वाद. मी कधी पत्र लिहीत नाही, अक्षराला हसू नकोस.

काल तुझ्या बाबांनी मला तुझ्या ओळी बघायला नेलं. समुद्र गेल्यापासून मी बंदरापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. ते खूपदा म्हणायचे, मी काहीतरी काम काढायची. त्या जागी मी याआधी एकदाच गेले होते, लग्नाच्या वर्षी, यांच्या बोटीतून. खाली इतकं खोल पाणी होतं की मी घाबरून काठ धरून बसले होते, आणि हे मला हसत होते.

काल तिथे चालत गेले. तुझे बाबा एकेका रोपाजवळ थांबून असं काही सांगत होते, जणू नातवंडंच दाखवतायत. मी ऐकलं नाही फारसं. मला तेव्हाचं पाणी दिसत होतं. ऊन फार होतं. एका रोपाची सावली पडली होती, काड्यांच्या जाळीसारखी, माझ्या पावलाएवढीच. मी चप्पल काढली आणि पाऊल त्या सावलीत ठेवून थोडा वेळ उभी राहिले. गार होतं गं.

लवकर ये.

तुझी,
आई